कोड लिहिण्याआधी वेगाचा अंदाज: कंपोनंट-आधारित आर्किटेक्चरसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

प्रत्येक कंपोनंट (सिस्टीमचा एक स्वतंत्र भाग) सुटा तपासला तेव्हा झटपट चालत होता, पण सगळे जोडले आणि खरी गर्दी आली तशी सिस्टीम रांगायला लागली. ही तक्रार तुम्ही ऐकली असेल, कदाचित केलीही असेल. अशा वेळी लोक मोठं मशीन घेतात, कॅशे (वारंवार लागणारी माहिती हाताशी ठेवणारा साठा) लावतात, एखादा कंपोनंट वेगळ्या सर्व्हरवर हलवतात. त्यातल्या कशाचा उपयोग होईल आणि कशाचा नाही, हे पैसे आणि महिने खर्च होण्याआधी बऱ्यापैकी सांगता येतं. त्यासाठी सुरुवातीला लागतात एक वही, चार सूत्रं आणि नीट घेतलेली थोडी मोजमापं. मी या कामात शिरलो तेव्हा जडजड पुस्तकं हाती आली, पण सुरुवात कुठून करायची ते कुठे सापडेना. म्हणून हा क्रम लिहून ठेवतो आहे.

एक गोष्ट आधीच पक्की करून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कंपोनंटला स्वतःचा असा वेग नसतो. त्याला लागणारा वेळ पाच गोष्टींवर ठरतो: तो कसा लिहिला आहे, तो पुढे कोणाला हाक मारतो, तो कुठल्या मशीनवर बसवला आहे, त्याला कसला इनपुट मिळतो, आणि त्याच मशीनसाठी आणखी कोण झगडतंय. म्हणून "हा कंपोनंट १० मिलिसेकंदांत उत्तर देतो" असं कुणी सांगितलं तर तो आकडा त्या एका परिस्थितीपुरता खरा असतो. दुसऱ्या आर्किटेक्चरमध्ये तो जसाच्या तसा उचलता येत नाही.

आधी हाताशी काय हवं

- कंपोनंट आणि त्यांच्यातल्या कॉलची आकृती. कोण कोणाला, किती वेळा आणि कशावर अवलंबून हाक मारतो, हे तीत दिसलं पाहिजे.
- कुठला कंपोनंट कुठल्या मशीनवर, त्या मशीनला किती कोर, कसली डिस्क.
- सध्याच्या किंवा मिळत्याजुळत्या सिस्टीमचे लॉग. नवी सिस्टीम असेल तर छोटा प्रोटोटाइप.
- लोड, म्हणजे विनंत्यांचा भार, टाकायला जेमीटरसारखं साधन.
- सीपीयू, डिस्क आणि नेटवर्कचा वापर नोंदवणारं काहीतरी, आणि जमल्यास ओपनटेलिमेट्रीसारखं ट्रेसिंग, म्हणजे एका विनंतीचा कंपोनंटांमधला प्रवास टिपणारी नोंद.
- एक स्प्रेडशीट. मॉडेलिंगचं खास सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी उतरवून घेऊ नका. ते आठव्या पायरीवर येईल.

## १. प्रश्न एका वाक्यात लिहा

"सिस्टीम वेगवान असेल का?" याला उत्तर नाही. "सेकंदाला ९० ऑर्डर आल्या तर सरासरी रिस्पॉन्स टाइम १०० मिलिसेकंदांच्या आत राहील का, आणि किंमत-कंपोनंट वेगळ्या मशीनवर नेल्याने फरक पडेल का?" याला उत्तर आहे. प्रश्नात लोड हवा, मर्यादा हवी आणि तुलना करायचे पर्याय हवेत.

कधीकधी या पायरीवरच कळतं की मॉडेलची, म्हणजे सिस्टीमच्या गणिती प्रतिकृतीची, गरज नाही. डेटाबेसची एकच क्वेरी हळू आहे आणि इंडेक्स नाही, असं दिसत असेल तर प्रोफायलर (कोडचा कुठला भाग किती वेळ खातो ते दाखवणारं साधन) लावा, इंडेक्स टाका आणि पुढच्या कामाला लागा. मॉडेल कामाला येतं ते अनेक कंपोनंट, अनेक पर्याय आणि अजून न आलेली गर्दी असते तेव्हा.

## २. लोडचं वर्णन करा

सेकंदाला किती विनंत्या, त्यांचे प्रकार कोणते, कुठल्या प्रकाराचं प्रमाण किती. आणि सगळ्यांत जास्त विसरली जाणारी बाब: इनपुटचा आकार. ऑर्डरमध्ये किती वस्तू, फाइल किती मोठी, यादीत किती नोंदी.

लोड उघडा आहे की बंदिस्त, हेही ठरवा. उघड्या लोडमध्ये लोक बाहेरून येत राहतात. सिस्टीम हळू झाली म्हणून येणं थांबत नाही. बंदिस्त लोडमध्ये ठरावीक माणसं असतात आणि उत्तर मिळाल्याशिवाय ती पुढची विनंती करत नाहीत, त्यामुळे सिस्टीम मंदावली की गर्दी आपोआप आवरते. सार्वजनिक वेबसाइट बहुधा पहिल्या प्रकारात मोडते, कार्यालयातली अंतर्गत प्रणाली दुसऱ्या. गल्लत झाली तर अंदाज खूपच चुकतो.

## ३. वेळ लिहू नका, मागणी लिहा

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या.

प्रत्येक कंपोनंटच्या प्रत्येक सेवेसाठी दोन गोष्टी लिहायच्या. एक, एका विनंतीसाठी तो कुठल्या संसाधनावर (सीपीयू, डिस्क) किती काम टाकतो. दुसरी, तो पुढे कुठल्या सेवेला किती वेळा हाक मारतो. दोन्ही इनपुटच्या भाषेत लिहायचं. रांगेत थांबण्याचा वेळ यात अजिबात मिसळायचा नाही. तो पुढे मॉडेल काढून देईल.

संपूर्ण लेखभर एकच उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यासाठी बनवलेले आहेत. ऑर्डर-कंपोनंटला दर ऑर्डरमागे ४ मिलिसेकंद सीपीयू लागतो. ऑर्डरमधल्या प्रत्येक वस्तूसाठी तो किंमत-कंपोनंटला एकदा हाक मारतो, आणि त्या प्रत्येक हाकेला १.५ मिलिसेकंद सीपीयू लागतो. किंमत कॅशेत सापडली तर ठीक, नाही तर डेटाबेसवर ३ मिलिसेकंदांचं काम पडतं. सरासरी ऑर्डर ४ वस्तूंची, कॅशे निम्म्या वेळा कामी येतो. ऑर्डर आणि किंमत हे दोन्ही कंपोनंट एका कोरच्या एकाच ॲप सर्व्हरवर आहेत, डेटाबेस वेगळ्या मशीनवर.

तर एका ऑर्डरची मागणी:

- ॲप सर्व्हर: ४ + ४ × १.५ = १० मिलिसेकंद
- डेटाबेस: ४ × ०.५ × ३ = ६ मिलिसेकंद

असं लिहिल्याचा फायदा लगेच दिसतो. उद्या सरासरी ऑर्डर ८ वस्तूंची झाली, कॅशे काढला, मशीन बदललं, तरी सूत्र तेच राहतं आणि फक्त एक आकडा बदलतो. "ऑर्डर-सेवा २५ मिलिसेकंद घेते" असं लिहिलं असतं तर यातल्या कुठल्याच प्रश्नाला हात घालता आला नसता.

## ४. मागणी मोजा

पर्फेक्ट मोजमापाच्या मागे लागू नका. एक साधा नियम पुष्कळ काम करतो:

मागणी = संसाधनाचा वापर ÷ थ्रूपुट (सेकंदाला पूर्ण झालेल्या विनंत्या)

एका कोरचा सर्व्हर सेकंदाला ३० ऑर्डर पूर्ण करताना ३० टक्के व्यग्र असेल, तर ०.३० ÷ ३० म्हणजे ऑर्डरमागे ०.०१ सेकंद, म्हणजेच १० मिलिसेकंद. चार कोर असतील तर टक्केवारी चाराने गुणून आधी "किती कोर व्यग्र" ते काढा.

एकाच सर्व्हरवरचे दोन कंपोनंट वेगळे कसे मोजायचे? इनपुट बदलून. फक्त १ वस्तूच्या ऑर्डरींचा लोड टाका, समजा मागणी ५.५ मिलिसेकंद आली. मग फक्त १० वस्तूंच्या ऑर्डरींचा, समजा १९ आली. फरक १३.५, तो ९ जादा वस्तूंमुळे, म्हणजे वस्तूमागे १.५ आणि उरलेले स्थिर ४. प्रोफायलरला हात न लावता दोन कंपोनंटांचा हिशेब वेगळा झाला.

या पायरीवरचे सापळे:

जावासारख्या प्लॅटफॉर्मवर सुरुवातीची काही मिनिटं टाकून द्या. कोड गरम होईपर्यंतचे, म्हणजे प्लॅटफॉर्म तो चालता चालता वेगवान करेपर्यंतचे, आकडे फुगलेले असतात.

हायपरथ्रेडिंग (एकच कोर दोन असल्यासारखा दाखवणारी सोय) असलेल्या मशीनवर दोन लॉजिकल सीपीयू म्हणजे दोन कोर नव्हेत. वापर ५० टक्के दिसत असताना खरी शिल्लक क्षमता निम्म्याहून बरीच कमी असू शकते.

लोड टाकणारं साधन आधीच्या उत्तराची वाट पाहून पुढची विनंती पाठवत असेल, तर सिस्टीम अडकलेल्या काळात ते विनंत्याच पाठवत नाही आणि सगळ्यांत वाईट क्षण नोंदीतून गळतात. जावाच्या क्षेत्रातले जाणकार गिल टेने यांनी या दोषाला "कोऑर्डिनेटेड ओमिशन" हे नाव रूढ केलं. उघडा लोड तपासायचा असेल तर विनंत्या ठरलेल्या गतीनेच सुटल्या पाहिजेत, उत्तर येवो न येवो.

## ५. वहीवर गणित मांडा

आता रांगेचं सूत्र. विनंत्या यादृच्छिक येतात आणि सेवेचा वेळ बऱ्यापैकी बदलता आहे असं धरलं, तर एका संसाधनापाशी जाणारा एकूण वेळ असा:

वेळ = मागणी ÷ (१ − वापर)

सेकंदाला ६० ऑर्डर आल्या तर ॲप सर्व्हरचा वापर ६० × ०.०१ सेकंद = ०.६०, वेळ १० ÷ ०.४० = २५ मिलिसेकंद. डेटाबेसचा वापर ०.३६, वेळ ६ ÷ ०.६४ = सुमारे ९.४. एकूण साधारण ३४ मिलिसेकंद.

आता ९० ऑर्डर. ॲप सर्व्हर ०.९० वर, वेळ १००. डेटाबेस ०.५४ वर, वेळ सुमारे १३. एकूण ११३ मिलिसेकंद. लोड दीडपट वाढला आणि वेळ तिपटीहून जास्त. लोड आणि वेळ सरळ रेषेत वाढतात असं मनात धरून केलेलं नियोजन इथेच कोसळतं.

सर्वाधिक मागणी ज्या संसाधनावर, तोच बॉटलनेक, म्हणजे सगळ्यांना अडवणारी चिंचोळी जागा. इथे तो १० मिलिसेकंदांचा ॲप सर्व्हर, म्हणून सेकंदाला १००० ÷ १० = १०० ऑर्डर ही कमाल मर्यादा. डेटाबेसवर कितीही पैसा ओता, ही मर्यादा हलणार नाही.

पण बॉटलनेक जागा बदलतो. कॅशे पूर्ण निकामी झाला असं धरा. डेटाबेसची मागणी १२ मिलिसेकंद होते आणि कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे ८३ वर येते. मग ९० ऑर्डरींचा लोड पेलणं शक्यच नाही. रांग वाढतच जाते. कॅशे रिकामा असताना, म्हणजे नुकत्याच केलेल्या रीस्टार्टनंतर, तुमची सिस्टीम उभी राहील का, याचं उत्तर या एका भागाकारात आहे. ते प्रत्येक आर्किटेक्चरसाठी काढाच.

सरासरीबद्दल एक इशारा. सरासरी ४ वस्तू दोन प्रकारे येऊ शकते: सगळ्या ऑर्डरी ४ वस्तूंच्या, किंवा ९० टक्के ऑर्डरी १ वस्तूच्या आणि १० टक्के ३१ वस्तूंच्या. दोन्हींत ॲप सर्व्हरची सरासरी मागणी १० मिलिसेकंदच. पण सर्व्हर आल्या क्रमाने एकेक ऑर्डर पूर्ण करत असेल, तर ६० ऑर्डरींच्या लोडला पोलाझेक–खिन्चिन सूत्राने (सेवेच्या वेळेतला चढउतारही धरणारं रांगेचं सूत्र) पहिल्या प्रकारात वेळ १७.५ मिलिसेकंद येतो आणि दुसऱ्यात ३१ च्या वर. लहान ऑर्डरी मोठ्या ऑर्डरीमागे खोळंबतात. म्हणून दुसऱ्या पायरीत इनपुटची सरासरी लिहून थांबू नका, विभागणी लिहा.

तसंच, रिस्पॉन्स टाइमची हमी बहुधा ९५ किंवा ९९ व्या पर्सेंटाइलवर दिली जाते, म्हणजे १०० पैकी ९५ किंवा ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत संपतात त्यावर. वरच्या साध्या सूत्राच्या गृहीतकांत, आल्या क्रमाने सेवा देणाऱ्या एका रांगेसाठी ९९ वा पर्सेंटाइल सरासरीच्या सुमारे ४.६ पट असतो. शिवाय वेगवेगळ्या कंपोनंटांचे पर्सेंटाइल एकमेकांत मिळवता येत नाहीत, सरासऱ्या येतात.

## ६. पर्याय तोलून पाहा

आता पहिल्या पायरीतला प्रश्न. किंमत-कंपोनंट वेगळ्या मशीनवर हलवायचा. कागदावर छान दिसतं: १० मिलिसेकंदांचं काम ४ आणि ६ असं वाटलं जाईल.

घोडं पेंड खातं ते नेटवर्कपाशी. आधी जी हाक एका प्रक्रियेच्या आत होती, ती आता नेटवर्कवरून जाणार. डेटा बांधणं, पाठवणं, उलगडणं यासाठी समजा प्रत्येक हाकेमागे दोन्ही बाजूंना १ मिलिसेकंद सीपीयू लागतो. ऑर्डरमागे हाका चार. म्हणजे ऑर्डर-मशीनवर ४ + ४ = ८ आणि किंमत-मशीनवर ६ + ४ = १०. बॉटलनेक पुन्हा १० मिलिसेकंदांवरच! नवं मशीन घेतलं आणि कमाल मर्यादा होती तिथेच राहिली. ९० ऑर्डरींना वेळ काढा: ऑर्डर-मशीन सुमारे २९, किंमत-मशीन १००, डेटाबेस १३, एकूण १४२ मिलिसेकंद. आधी ११३ होते, आणि यात तारेवरचा प्रवास अजून धरलेलाच नाही.

आता तेच मशीन ठेवा, फक्त इंटरफेस बदला: चार वस्तूंच्या किमती एकाच हाकेत मागवा. ऑर्डर-मशीन ४ + १ = ५, किंमत-मशीन ६ + १ = ७. कमाल मर्यादा सेकंदाला सुमारे १४३ ऑर्डर, आणि ९० ऑर्डरींना वेळ ९ + १९ + १३, म्हणजे साधारण ४१ मिलिसेकंद.

फरक मशीनने पाडला नाही, इंटरफेसच्या आकाराने पाडला. कोड लिहून झाल्यावर इंटरफेस बदलणं फार महागात जातं. डिझाइनच्या टप्प्यात त्याला काही ओळींचा हिशेब लागतो. या विषयावर माझा जीव आहे तो एवढ्यासाठीच.

## ७. पूल विसरू नका

सीपीयू निवांत, डिस्क निवांत, तरी विनंत्या तुंबल्यात. असं दिसलं की थ्रेड पूल (एका वेळी विनंत्या हाताळू शकणाऱ्या थ्रेडचा ठरावीक साठा) किंवा कनेक्शन पूल (डेटाबेसशी जोडण्यांचा तसाच साठा) इथे पाणी मुरतंय असं समजा. पूलमधला थ्रेड काम करत नसतो, नुसता अडकलेला असतो, म्हणून सीपीयूच्या आलेखात तो दिसत नाही.

इथे लिटलचा नियम लागतो, ज्याची सिद्धता जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये प्रसिद्ध केली:

सिस्टीममधल्या विनंत्या = थ्रूपुट × वेळ

सेकंदाला ९० ऑर्डर आणि ०.११३ सेकंद वेळ, म्हणजे एका वेळी सरासरी १० ऑर्डरी आत. ५० थ्रेडचा पूल आरामात पुरतो. पण प्रत्येक ऑर्डरने बाहेरच्या पेमेंट-सेवेची थ्रेड धरून २ सेकंद वाट पाहिली, तर सुमारे १९० थ्रेड लागतील. ५० थ्रेडवर सेकंदाला जेमतेम २५ ऑर्डरी जातील, मग सीपीयू कितीही तगडा असो.

## ८. वही अपुरी पडली की साधन निवडा

वही अपुरी पडण्याची लक्षणं: एक कंपोनंट दुसऱ्याची वाट पाहत थ्रेड धरून ठेवतो आणि असे तीन-चार थर आहेत, समांतर हाका आहेत, इनपुटनुसार फांद्या फुटतात, पर्सेंटाइल हवेत.

जेएमटी हे मिलानचं पॉलिटेक्निक आणि लंडनचं इम्पीरियल कॉलेज इथून आलेलं मोफत साधन. रांगांची जाळी चित्रासारखी काढायची आणि गणिताने सोडवायची किंवा सिम्युलेशन चालवायचं. माझ्या मते पहिलं साधन हेच असावं.

स्तरित रांगांची मॉडेल्स आणि त्यांचा एलक्यूएनएस हा सॉल्व्हर कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठाकडून येतो. थ्रेड धरून वाट पाहणाऱ्या थरांसाठी हे खास बनवलेलं आहे.

पॅलाडिओ खास कंपोनंट-आर्किटेक्चरसाठी. जर्मनीत, मुख्यतः कार्ल्सरूह इथे वाढलेलं, एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या साधनावर चालणारं. सोळाव्या शतकातले इटालियन वास्तुविशारद आंद्रेआ पॅलाडिओ यांचं नाव त्याला दिलेलं आहे. त्यात मॉडेलचे पाच भाग असतात: कंपोनंटांचा साठा, त्यांची जोडणी, मशीनं, कुठला कंपोनंट कुठल्या मशीनवर, आणि लोड. प्रत्येक सेवेचं वर्णन तिसऱ्या पायरीत आपण लिहिलं तसंच, इनपुटवर अवलंबून आणि हवं तर संभाव्यतेच्या विभागणीसह. कंपोनंट लिहिणारा, आर्किटेक्ट, मशीनवर बसवणारा आणि वापराची माहिती असलेला, अशा चौघांनी आपापला भाग भरावा अशी रचना आहे. म्हणून मशीन बदललं तरी कंपोनंटाचं वर्णन पुन्हा लिहावं लागत नाही. शिकायला वेळ लागतो. आधी त्याचं मीडिया स्टोअर हे उदाहरण पूर्ण चालवून पाहा, मग स्वतःची सिस्टीम घ्या.

नवख्यांना इथे मोह पडतो तो प्रत्येक क्लास मॉडेलमध्ये आणण्याचा. तसं करू नका. ज्या सेवेची मागणी एकूण मागणीत नगण्य आहे आणि जी कुठलाही पूल अडवत नाही, ती शेजारच्या सेवेत मिसळून टाका.

## ९. पडताळणी केल्याशिवाय अंदाज दाखवू नका

मोजमाप ज्या लोडवर घेतलं त्याच लोडवर मॉडेल जुळलं, यात काही सिद्ध होत नाही. ३० ऑर्डरींवर मोजलं असेल तर ६० आणि ८० वर ताडून पाहा, आणि ऑर्डरींचा आकारही बदलून पाहा. प्रचलित ढोबळ नियम असा: वापर आणि थ्रूपुट १० टक्क्यांच्या आत, रिस्पॉन्स टाइम २० ते ३० टक्क्यांच्या आत जुळला तर मॉडेल नियोजनाला चालतं.

न जुळल्यास आकडे ओढूनताणून बसवू नका. फरक कुठल्या दिशेला आहे ते पाहा. कमी लोडवर जुळतं आणि जास्त लोडवर खरी सिस्टीम हळू पडते, तर मॉडेलमधून लॉक, पूल किंवा गार्बेज कलेक्शन (मेमरीची आपोआप होणारी सफाई) सुटलं आहे. सगळ्या लोडवर सारखाच फरक दिसतो, तर एखाद्या दूरच्या हाकेचा वेळ किंवा नेटवर्कचा प्रवास धरायचा राहिला आहे. थ्रूपुटच वाढेनासा झाला पण कुठलंच संसाधन भरलेलं नाही, तर सातव्या पायरीवर परत जा.

अहवालात आकड्यासोबत गृहीतकं लिहा: लोड किती धरला, ऑर्डरींची विभागणी कशी, कॅशे किती वेळा कामी येतो, मशीन कुठलं. आणि दोन-तीन गृहीतकं बिघडली तर काय होतं तेही आकड्यांत द्या. वरच्या उदाहरणात मी कॅशेचं प्रमाण सगळ्यांत आधी हलवून दाखवेन, कारण बॉटलनेक तिथे उडी मारतो.

## १०. मॉडेल कोडच्या शेजारी ठेवा

स्प्रेडशीट असो वा पॅलाडिओचं मॉडेल, ते कोडच्याच रिपॉझिटरीत जाऊ द्या. इंटरफेस किंवा कॉलची संख्या बदलणारा प्रत्येक बदल तपासताना मागणीची ओळही बदलली का, ते विचारा. लोड टेस्ट झाली की तिचे आकडे मॉडेलच्या अंदाजाशेजारी नोंदवा, तारखेसह. पुढच्या वेळी कुठल्या कंपोनंटची मागणी पुन्हा मोजायची, ते त्या दोन रकान्यांतल्या फरकावरून कळतं.